एजंट काम करतोय, की तुमची वाट बघतोय?

कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला सांगितलं, "लॉगिनचा जुना कोड काढ, नवा बसव, टेस्ट चालव." पडद्यावर ओळी भराभर सरकू लागल्या. मग मीटिंग, मग चहा. परत येऊन बघावं तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एक प्रश्न ताटकळलेला: ही कमांड चालवू का? हो, नाही, की हो आणि पुन्हा विचारू नको? प्रश्न पडला होता काम सुरू झाल्यावर तिसऱ्याच मिनिटाला. तेव्हापासून एजंट माणसाची वाट बघत होता आणि माणूस एजंटची.

टर्मिनलमधले एजंट रोज वापरणाऱ्यांना यात नवं काही नाही. २०२५च्या फेब्रुवारीत अँथ्रॉपिकने क्लॉड कोड आणला, एप्रिलमध्ये ओपनएआयने कोडेक्स सीएलआय, जूनमध्ये गूगलने जेमिनाय सीएलआय. तिघांचा साचा सारखाच: टर्मिनलच्या खिडकीत बसणारा प्रोग्राम, जो तुमच्या फायली वाचतो, बदलतो, कमांड चालवतो आणि मधूनच परवानगी मागतो. एकच असेल तर समोर बसून बघता येतं. पण लोक वेळ वाचवायला तीन-चार एजंट वेगवेगळ्या टॅबमध्ये सोडतात आणि मग दर पाच मिनिटांनी सगळ्या टॅबमधून फेरी मारत बसतात. वाचवलेला वेळ राखणीतच जातो.

'एजंटची स्थिती काय?' याची उत्तरं निदान पाच आहेत. एजंटमागच्या एआय मॉडेलकडून उत्तर यायचंय, म्हणजे एजंट विचार करतोय. किंवा त्याने चालवलेली कमांड, समजा टेस्ट, अजून संपायचीय. किंवा त्याला परवानगी हवीय. किंवा त्याच्या मते काम झालंय आणि तो पुढच्या सूचनेसाठी थांबलाय. किंवा तो मेलाय, नाहीतर लटकलाय. पहिल्या दोन अवस्थांत तुम्ही काही करायचं नसतं. उरलेल्या तिन्हींत तुमच्यावाचून पान हलत नाही. म्हणजे आपल्याला जाणून घ्यायचंय ते इतकंच: आत्ता तिथे माझी गरज आहे का? आणि नेमकं हेच ऑपरेटिंग सिस्टिमला बाहेरून ओळखता येत नाही.

प्रोसेसची यादी बघितली तर?

प्रोसेस म्हणजे मशीनवर चालू असलेला प्रोग्राम. त्यांची यादी बघायला लिनक्सवर सवयीने हात जातो 'पीएस' किंवा 'एचटॉप'कडे. यादीत प्रत्येक प्रोसेसपुढे एक अक्षर असतं. आर म्हणजे सीपीयूवर चालू किंवा त्याच्या रांगेत. एस म्हणजे कशाची तरी वाट बघत झोपलेली. डी म्हणजे डिस्कसारख्या गोष्टीत अशी गुंतलेली, की सिग्नल पाठवूनही उठत नाही. टी म्हणजे थांबवून ठेवलेली. झेड म्हणजे झाँबी, संपलेली पण पालक प्रोसेसने अजून नोंद न घेतलेली.

एजंटपुढे बहुतेक वेळा एस दिसेल. मॉडेल तुमच्या मशीनवर नसेल, तर विचार दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये चाललेला असतो आणि इथला प्रोग्राम नेटवर्कवरून उत्तर यायची वाट बघत झोपलेला असतो. परवानगी मागून थांबलेला प्रोग्रामही झोपलेलाच, फक्त कीबोर्डकडे कान लावून. आणखी खोलात गेलात तर घोळ वाढतो. नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चालणारे प्रोग्राम लिनक्समध्ये कीबोर्ड आणि नेटवर्क या दोन्हींवर एकाच ठिकाणी, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ईपोल या सोयीत, लक्ष ठेवून असतात. आधी जिकडून काही येईल तिकडे वळायचं. त्यामुळे कर्नलला विचारलं, की ही प्रोसेस नक्की कुठे झोपलीय, तर दोन्ही वेळा उत्तर एकच येतं. कचेरीत 'साहेब आहेत का?' असं विचारावं आणि 'आहेत की, खुर्चीतच बसलेत' एवढंच कळावं, तशातली गत. आपली फाइल पुढे सरकली का, ते कळायला दुसरा कुणीतरी गाठावा लागतो.

प्रोसेसकडे बघण्याचा एक फायदा मात्र आहे. 'पीएसट्री' चालवलं की एजंटच्या खाली कोणकोणत्या प्रोसेस लोंबतायत ते दिसतं. टेस्ट चालवणारं पायटेस्ट किंवा जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम दिसलं, म्हणजे एजंटने कमांड सोडलीय आणि ती संपायची वाट बघतोय. एजंटला बाहेरची साधनं पुरवणारे एमसीपी सर्व्हर जोडलेले असतील तर तेही याच झाडात कायम दिसतात, त्यांना मोजायचं नाही. लटकलेल्या एजंटचं कारणही कितीदा इथेच सापडतं. टेस्ट वॉच मोडमध्ये सुरू झालीय, म्हणजे फाइल बदलली की पुन्हा धावणार आणि आपणहून कधीच संपणार नाही. किंवा एखादी कमांड सुडोचा, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराचा, पासवर्ड मागत बसलीय. किंवा कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने लांबलचक यादी पानापानाने दाखवणाऱ्या 'लेस'मध्ये उघडून दिलीय आणि ती आता क्यू दाबायची वाट बघतेय. एजंटचा यात दोष नसतो. तीस वर्षांपूर्वीच्या शेल स्क्रिप्टही अशाच जागी अडकायच्या. काही एजंट कमांडला वेळेची मर्यादा घालतात आणि मग आपणहून सुटतात, पण तेवढी मिनिटं वाया जातातच.

पडदा चोरून वाचणं

इथे टीमक्स कामाला येतो. टर्मिनलची सेशनं जिवंत ठेवणारा हा प्रोग्राम निकोलस मॅरियट यांनी २००७ साली आणला. त्याच्या आधीचा ग्नू स्क्रीन १९८७चा. म्हणजे एजंटच्या या गर्दीत सर्वांत भरवशाचं अवजार एजंटपेक्षा कितीतरी जुनं आहे. साधं टर्मिनल बंद केलं, किंवा दूरच्या मशीनशी जोडणारं एसएसएच तुटलं, की आत चालू असलेल्या प्रोग्रामला हँगअपचा सिग्नल जातो आणि बहुतेक प्रोग्राम त्याने मरतात. टीमक्समध्ये प्रोग्राम तुमच्या खिडकीला बांधलेला नसतो, तो टीमक्सच्या सर्व्हरला बांधलेला असतो. इंटरनेट गेलं, टॅब चुकून बंद झाला, तरी आतलं काम चालू राहतं आणि 'अटॅच' म्हटलं की परत समोर येतं. लॅपटॉपचं झाकण मिटण्यावर मात्र टीमक्सकडे इलाज नाही. मशीन झोपलं की सर्व्हरही झोपतो आणि मॉडेलशी जोडलेलं कनेक्शन पलीकडून तुटतं. मॅकवर 'कॅफिनेट' मशीनला आपणहून झोपू देत नाही, पण झाकण मिटलं की त्याचाही सहसा उपयोग नसतो. सिस्टिमडी असलेल्या लिनक्सवर 'सिस्टिमडी-इनहिबिट'ला झाकणाकडे दुर्लक्ष करायला सांगता येतं. नाहीतर एजंटच दूरच्या सर्व्हरवर ठेवायचा.

टीमक्सची 'कॅप्चर-पेन' ही कमांड इथे फार उपयोगी. दुसऱ्या सेशनच्या पडद्यावर आत्ता जे दिसतंय ते ती साध्या मजकुराच्या रूपात हातात देते, तिकडे जावं लागत नाही. मग एक छोटी स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी प्रत्येक एजंटच्या पडद्याच्या तळच्या ओळी वाचू शकते. 'थांबवायला एस्केप दाबा' अशा अर्थाची ओळ दिसली, तर काम चालू. क्रमांक घातलेले पर्याय दिसले, तर परवानगी हवीय. नुसती रिकामी चौकट दिसली, तर त्याची पाळी संपली. एजंटांचा फलक दाखवणारी बरीच छोटी साधनं आतून एवढंच करत असतात.

हा उपाय चालतो, पण त्याच्यावर फार विसंबू नये. एजंटची नवी आवृत्ती येते, कुणीतरी त्या ओळीतला एक शब्द बदलतं आणि तुमची स्क्रिप्ट आंधळी होते. टीमक्सचा कप्पा अरुंद असला तर ओळ मधेच तुटते आणि जुळत नाही. आणि सर्वांत मजेशीर प्रकार: एजंटला याच स्क्रिप्टवर काम करायला लावलं, तर तो तिचा कोड पडद्यावर दाखवतो, त्यात शोधायचे शब्द असतातच, आणि स्क्रिप्ट स्वतःलाच बघून 'परवानगी हवीय' म्हणून ओरडते.

शब्द न वाचताही काम भागवता येतं, आणि सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी असं मला वाटतं. टीमक्समध्ये 'मॉनिटर-सायलेन्स' नावाची सेटिंग आहे. तिला सेकंद सांगायचे, समजा पंधरा. तेवढा वेळ खिडकीत काहीच हललं नाही, की टीमक्स खालच्या पट्टीत त्या खिडकीच्या नावापुढे लाटेसारखं छोटं चिन्ह लावतो. एजंट विचार करत असतो तेव्हा त्याचा स्पिनर, म्हणजे 'काम चालू' दाखवणारं छोटं चिन्ह, फिरत असतो, सेकंद मोजत असतो, म्हणजे पडदा सतत हलत असतो. परवानगी मागितली किंवा काम संपलं, की पडदा स्थिर. दोन्ही वेळा तुमची गरज असते, तेव्हा त्या चिन्हात फरक कळला नाही तरी बिघडत नाही. एका ओळीच्या सेटिंगमध्ये एवढं मिळतं.

फक्त स्पिनर म्हणजे काम, असं धरून चालू नका. स्पिनर टायमरवर फिरतो. पलीकडे मॉडेल उत्तर देतंय का, याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. वायफाय गेलं तरी तो काही काळ त्याच उत्साहाने फिरत राहू शकतो, आणि मॉनिटर-सायलेन्सला वाटतं, सगळं आलबेल.

त्यापेक्षा एजंटलाच सांगू द्या

बाहेरून ओळखायच्या सगळ्या युक्त्या शेवटी अंदाज आहेत. एजंटला स्वतःला मात्र नक्की ठाऊक असतं, की आपण परवानगीसाठी थांबलोय. त्याने ते सांगावं, ही सोय आता बहुतेक एजंटांत आहे.

सर्वांत जुनी सोय घंटेची. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्कीच्या तक्त्यात ७ क्रमांकाचं चिन्ह छापलं जात नाही, त्याचा अर्थच 'घंटा वाजव'. टेलिप्रिंटरला खरीखुरी घंटा असायची. वृत्तपत्रांच्या कचेरीत मोठी बातमी आली की ती वाजायची आणि उपसंपादक यंत्राकडे धावायचे. आजचं टर्मिनल तेच चिन्ह आलं की टिंग करतं किंवा टॅबवर खूण करतं, आणि टीमक्स खिडकीच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावतो. एजंटच्या सेटिंगमध्ये सूचना म्हणून टर्मिनलची घंटा निवडता येत असेल तर आधी ती चालू करा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे हुक. ठरावीक प्रसंग घडला की तुमची कमांड आपोआप चालवायची, ही व्यवस्था. क्लॉड कोडमध्ये परवानगी हवी असली किंवा तुमच्या उत्तराविना बराच वेळ गेला की 'नोटिफिकेशन' हा हुक चालतो, एजंटची पाळी संपली की 'स्टॉप'. कोडेक्समध्ये 'नोटिफाय' नावाची सेटिंग आहे, ती पाळी संपल्यावर तुम्ही दिलेला प्रोग्राम चालवते. त्या प्रोग्रामने काय करायचं ते तुमच्या हातात. लिनक्सवर 'नोटिफाय-सेंड'ने कोपऱ्यात चौकट दाखवा, टेलिग्रामच्या बॉटमार्फत फोनवर निरोप पाठवा. मॅकवर 'से' ही कमांड मजकूर मोठ्याने वाचते. प्रत्येक प्रोजेक्टचं नाव बोलून दाखवलं की कुठला एजंट अडलाय ते कळायला मान वळवावी लागत नाही. ऑफिसात हेडफोन लावा म्हणजे झालं.

तीन-चार एजंट असतील तर निरोपांपेक्षा फलक बरा. कल्पना सोपी आहे: प्रत्येक सेशनच्या नावाची एक छोटी फाइल, आणि तिच्यात एक शब्द. तुम्ही सूचना दिलीत, की हुक लिहितो 'काम'. परवानगी मागितली, की 'वाट'. पाळी संपली, की 'झालं'. टीमक्सची खालची पट्टी दर काही सेकंदांनी या फायली वाचून दाखवते. पंधरा-वीस ओळींचं काम.

पण करायला गेलं की खाचखळगे दिसतात. क्लॉड कोडचंच उदाहरण घेऊ. परवानगी मागितल्यावर फाइलमध्ये 'वाट' लिहिलं गेलं. तुम्ही हो म्हणालात. आता 'काम' कोण लिहिणार? कमांडच्या आधी चालणारा हुक परवानगीचा प्रश्न पडण्यापूर्वीच चालून गेलेला असतो, आणि नंतरचा हुक कमांड संपल्यावरच चालतो. तुम्ही मान्य केलेली कमांड दहा मिनिटांची टेस्ट असेल, तर दहा मिनिटं फलकावर 'वाट'च दिसत राहतं आणि तुम्ही उगाच धावत जाता. उलटी चूकही होते. तुम्ही एस्केप दाबून एजंटला मधेच थांबवलं, तर 'स्टॉप' चालत नाही आणि फलकावर 'काम' तसंच राहतं. मेमरी संपली म्हणून लिनक्सने प्रोसेसच उडवली, तर कुठलाच हुक चालायला उरत नाही. मेलेला एजंट फलकावर कामच करत असतो.

म्हणून फाइलमध्ये शब्दाबरोबर वेळ आणि प्रोसेसचा क्रमांक लिहावा. 'किल' कमांडला शून्य हा सिग्नल दिला की ती कुणालाही मारत नाही, त्या क्रमांकाची प्रोसेस आहे की नाही एवढंच सांगते. ती नसेल तर फलकाने सरळ 'मेलं' दाखवावं. आणि 'काम' लिहून अर्धा तास उलटला असेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह. इथे पुन्हा 'पीएस'च्या जातीचीच माहिती वापरली, फक्त तिला झेपेल एवढंच विचारलं.

एजंटला गप्पा न मारता एकच काम करून बंद व्हायला सांगितलं, तर बरीच कटकट वाचते. क्लॉड कोडला 'प्रिंट' पद्धतीने चालवता येतं, कोडेक्सला 'एक्झेक' म्हणून. मग तो एखाद्या साध्या कमांडसारखा चालतो, आणि संपला की एक्झिट कोड, म्हणजे कसा संपला ते सांगणारा आकडा, देऊन जातो. ० म्हणजे सुरळीत. १३० म्हणजे कुणीतरी कंट्रोल-सी दाबलं. १४३ म्हणजे सभ्यपणे बंद व्हायला सांगितलं गेलं. १३७ म्हणजे जागच्या जागी मारलं, आणि सर्व्हरवर हा आकडा दिसला की आधी मेमरी तपासावी. टीमक्समध्ये 'रिमेन-ऑन-एक्झिट' चालू ठेवलंत तर प्रोग्राम संपल्यावरही कप्पा उघडा राहतो आणि शेवटच्या ओळी वाचता येतात.

चालू आहे, पण पुढे जातोय का?

सर्वांत अवघड अवस्था अशी, की एजंट जिवंत आहे, काही मागत नाही, हुक वेळेवर चालतायत, आणि तो गोल गोल फिरतोय. टेस्ट नापास, एक ओळ बदल, पुन्हा नापास, ती ओळ पूर्ववत कर, पुन्हा नापास. फलकावर 'काम'. टोकनचा (मॉडेल वाचतं-लिहितं त्या मजकुराच्या तुकड्यांचा) आकडा चढतोय, म्हणजे बिलही. एखादा प्रोग्राम कधीतरी थांबेल की कायम चालत राहील, हे सगळ्या प्रोग्रामांसाठी ठरवणारी एकच पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ सालीच सिद्ध केलंय. तेव्हा कुठलंही साधन 'एजंट अडकलाय का ते अचूक ओळखतो' म्हणालं, तर त्यावर जरा जपूनच विश्वास ठेवावा.

आपल्याला अचूक नकोच आहे, वेळेवर शंका आली तरी पुरे. त्यासाठी दोन खुणा चांगल्या. पहिली, संभाषणाची नोंद. क्लॉड कोड आणि कोडेक्स दोघेही प्रत्येक सेशनची नोंद होम फोल्डरमधल्या आपापल्या लपलेल्या फोल्डरात ओळीओळीने लिहीत असतात. त्या फाइलमध्ये शेवटची भर कधी पडली, ती वेळ स्पिनरपेक्षा खरी. लांब उत्तर तयार होत असताना ती काही वेळ हलत नाही, तेवढी सूट द्यायची. ही फाइल कुणाला दाखवताना जपून, एजंटने वाचलेलं सगळं तिच्यात असतं, चुकून वाचलेले पासवर्डसुद्धा. दुसरी खूण, गिट. दर दहा मिनिटांनी 'गिट डिफ'चा, म्हणजे कोडमध्ये काय बदललं त्याचा, सारांश बघा. नोंदीची फाइल फुगतेय आणि डिफ मात्र तिथल्या तिथेच आहे, तर एस्केप दाबून विचारायची वेळ झाली. प्रत्येक एजंटला 'गिट वर्कट्री'ने स्वतंत्र फोल्डर दिलेला असेल तरच हे जमतं. सगळे एकाच फोल्डरात असतील तर कुणाचा बदल कुठला, हे शोधण्यात दिवस जाईल.

परवानगीचे प्रश्नच नकोत म्हणून काही जण सगळ्या परवानग्या एकदम उठवतात. क्लॉड कोडमध्ये त्या पर्यायाच्या नावातच 'डेंजरसली' हा शब्द घातलेला आहे, तो उगाच नाही. बंदिस्त कंटेनर असेल तर ठीक, रोजच्या लॅपटॉपवर नको. त्यापेक्षा टेस्ट चालवणं, गिटची स्थिती बघणं, फायली शोधणं अशा निरुपद्रवी कमांडना सेटिंगमध्ये कायमची मुभा द्यावी. मग जे प्रश्न उरतात ते खरोखर विचारण्यासारखे असतात, आणि घंटा वाजल्यावर उठून जायचा कंटाळाही येत नाही.

राहिला 'झालं' हा शब्द. हुकने कळवलेलं 'झालं' म्हणजे एजंटची पाळी संपली, इतकंच. काम झालं हे एजंटचं म्हणणं आहे, आणि ते तपासायचं असतं. टेस्ट पास व्हावी म्हणून कोड दुरुस्त करण्याऐवजी त्या टेस्टपुरतीच पळवाट काढणं, हा प्रकार मॉडेल बनवणाऱ्यांनीही आपल्या कागदपत्रांत नोंदवलेला आहे. म्हणून फलकावर 'झालं' दिसलं की आधी टेस्ट स्वतःच्या हाताने चालवा, आणि मग बदललेल्या फायलींची यादी काढा. तिच्यात टेस्टची एखादी फाइल असेल, तर वाचायला तिथूनच सुरुवात करा.